आधी हाक, मग हात

सिस्टरांच्या घरी यजमान होते आणि हॉस्पिटलात पाहुणे. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे आणि उरलेला वेळ झोपायचे. पाहुणे काहीच करायचे नाहीत, कारण ते रबराचे होते.

पाहुणे म्हणजे छाती दाबण्याचा सराव करायचा बाहुला. ज्या कंपनीने तो बनवला, तिने कमरेखाली काही बनवायची तसदी घेतली नव्हती. चेहऱ्यावर कायम असा भाव, की समोरच्याने नुकताच एक पडेल विनोद सांगितला आहे आणि हसावं की न हसावं हे अजून ठरत नाही. छातीत स्प्रिंग आणि बाजूला वायरीने जोडलेला वहीएवढा पडदा. छाती योग्य जागी, योग्य खोलीपर्यंत, योग्य वेगाने दाबली तर हिरवा दिवा. घाई केली किंवा अंगचोरी केली तर लाल. दोन मिनिटं संपली की शंभरपैकी गुण. 'पाहुणे' हे नाव त्याला वॉर्डातल्या नर्सेसनी दिलं होतं. न बोलावता येतो, एकदा टेकला की उठत नाही आणि त्याचं करता करता सगळ्यांच्या कमरा धरतात, अशा इसमाला दुसरं काय म्हणणार?

हॉस्पिटलात सिस्टर साठ-सत्तर होत्या, पण 'दोन मिनिटं सिस्टर' एकच. कारण त्या कोणालाही, कुठेही, काहीही करत असताना गाठून एकच वाक्य म्हणत, "दोन मिनिटं द्या." दोन मिनिटं नाही म्हणायला तोंड उचकटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणसाचं हृदय बंद पडलं तर काय करायचं, हे हॉस्पिटलातल्या प्रत्येकाच्या हातात जिवंत ठेवणं हे त्यांचं काम. डॉक्टर, नर्स, क्ष-किरणवाला, फरशी पुसणाऱ्या मावशी, कोणाचीही सुटका नव्हती. महिन्यातून एकदा, दोन मिनिटं. प्रमाणपत्र दोन वर्षं टिकतं आणि हात तीन महिन्यांत विसरतात, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा निष्कर्ष. "डोकं निदान विसरलो म्हणून कबूल तरी करतं," त्या म्हणत. "हात करत नाहीत. हात तोऱ्यात चुकतात."

हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळालं नव्हतं. सव्वीस वर्षं त्या अतिदक्षता विभागात होत्या. तिथून हलल्या, कारण उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला. गुडघा जायच्या वर्षभर आधीची गोष्ट. एका दुपारी एक्स-रेच्या रांगेत एक गृहस्थ कोसळले. आजूबाजूला सहा जण होते, आणि सहाही जणांकडे प्रमाणपत्र. ग्रुप फोटोत पुढच्या रांगेत कोण बसणार म्हणून लोक एकमेकांकडे बघतात, तसे सहाही जण बघत राहिले. मग सिस्टर पुढे झाल्या. अनुभवी बाई, त्यामुळे सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांनी दाबायला सुरुवात केली. अर्ध्या मिनिटाने भूल देणारी एक नवखी डॉक्टर शेजारी गुडघ्यावर बसली आणि कानाशी येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, हात जरा वर." सिस्टर छातीच्या खाली, पार पोटाच्या तोंडाशी दाबत होत्या.

गृहस्थ वाचले. नंतर ते सिस्टरांचे आभार मानायलाही आले, आणि तेच सिस्टरांना सहन झालं नाही. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र काढलं आणि उलटं करून पुन्हा त्याच खिळ्याला लावलं. अजून ते तसंच आहे. कोणी विचारलंच तर म्हणतात, मागचा पुठ्ठा जास्त प्रामाणिक आहे.

तर गुडघा गेल्यावर त्यांना तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, पूर्वी चादरींचं कोठार असलेली एक खोली मिळाली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, कपाट आणि पाहुणे. दारावर पाटी लागली, 'सराव कक्ष'. पहिल्या महिन्यात खोलीत तीन माणसं आली. त्यातल्या दोघांना चादरी हव्या होत्या.

दुसरी एखादी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. सिस्टरांनी ठरवलं, माणसं पाहुण्यांकडे येत नसतील तर पाहुणे माणसांकडे जातील. त्यांनी घरून यजमानांचा एक शर्ट आणला. या शर्टाचीही एक गोष्ट होती. वीस वर्षांपूर्वी यजमानांनी हौसेने चॉकलेटी रंगाचं, पिवळ्या चौकडीचं कापड घेतलं आणि एकाच कापडात दोन शर्ट शिवले. कापड इतकं टिकाऊ निघालं की चूक वीस वर्षं फाटेना. त्यातला एक शर्ट पाहुण्यांना गेला. पँटमध्ये जुन्या उशा कोंबून कमरेखालचा प्रश्नही सुटला. वर कानटोपीसारखी एक टोपी. मग व्हीलचेअरमध्ये घालून सिस्टर त्यांना रोज नव्या ठिकाणी नेऊन ठेवायच्या. कधी लिफ्टमध्ये, कधी बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर, आणि एकदा तर हातात चौदा नंबरचं टोकन देऊन सोनोग्राफीच्या रांगेत. तिथल्या तंत्रज्ञाने चौदा नंबर चार वेळा पुकारला, मग तणतणत येऊन पाहुण्यांच्या खांद्याला धरून गदागदा हलवत विचारलं, "आजोबा, ऐकू येतंय का?" सिस्टर खांबामागून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पहिली पायरी अगदी बरोबर केलीत, आता पुढची करा.

कारण पहिली पायरी हा सिस्टरांचा जीव की प्राण होता. आधी हाक, मग हात. समोर कोणी निपचित दिसलं की पहिल्यांदा हाक मारायची, खांदा हलवायचा, मदतीला ओरडायचं, दहा आकड्यांच्या आत श्वास आणि नाडी बघायची, आणि काहीच नसेल तर मगच छातीला हात. बाहुल्याला हाक मारताना लोक लाजत. मोठमोठे डॉक्टर रबराच्या कानात 'अहो काका' म्हणताना इकडेतिकडे बघत. जो हाक मारणार नाही त्याचे पुढचे गुण सिस्टर मोजतच नसत.

वेगाचं काम यजमानांनी करून दिलं होतं. मिनिटाला शंभर ते एकशे वीस दाब हवेत, असं सिस्टरांनी सांगितल्यावर त्यांनी एक मोडकं गजराचं घड्याळ खोललं, आठ दिवस त्यात डोकं घातलं, आणि पत्र्याच्या डबीत बसणारी एक टिकटिकी तयार केली. मिनिटाला बरोबर एकशे दहा. बाजारात अशी यंत्रं मिळतात, असं एका डॉक्टरांनी सुचवलं, तेव्हा यजमान दोन दिवस जेवले नाहीत, असं सिस्टर सांगतात. यजमानांच्या मते ते एकच वेळ जेवले नव्हते.

सगळ्याची नोंद एका जाड वहीत होई. तारीख, गुण, आणि शेवटचा एक रकाना लाल शाईचा. जो नाही म्हणेल त्याची सबब त्याच्याच शब्दांत तिथे उतरवली जायची. 'आत्ताच हात धुतले.' 'मी डोळ्यांचा डॉक्टर आहे.' 'पाहुणे गेल्या महिन्यात वाचले होते, पुन्हा कसे गेले?' 'पुढच्या महिन्यात दोनदा करतो.' दर महिन्याचा अव्वल नंबर दारावर लागायचा आणि तो बहुतेक वेळा फरशी पुसणाऱ्या मावशींचा असायचा. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. त्यात नवल नव्हतं. मावशींनी जन्मभर वाकून फरशी पुसली होती. कोपर ताठ, खांदे सरळ, जोर कमरेतून. लिफ्टची वाट बघणारे डॉक्टर ती यादी वाचायचे आणि मग जिन्याने जायचे.

मोठे डॉक्टर मात्र त्या यादीत कधीच नव्हते. ते हॉस्पिटलातले सगळ्यात वरचे सर्जन. हात असा, की टाका घातला तर कातडीला कळू नये. माणूसही वाईट नव्हता; फक्त कोणासमोर चुकायची सवय मोडून पंचवीस वर्षं झाली होती. एकोणीस महिने त्यांनी पाहुण्यांना हुलकावणी दिली होती. वहीत त्यांच्या नावापुढे लाल शाईची एक लांबलचक शेपटी तयार झाली होती. सुरुवातीच्या सबबी सभ्य होत्या. मधे 'पोहणं आणि हे, एकदा आलं की आलं' अशी एक होती. तिच्यावर सिस्टरांना राहवलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, सर, पोहणं विसरलात तर तुम्ही बुडाल, हे विसरलात तर दुसराच बुडेल. त्यानंतरची नोंद एवढीच होती, 'मी बाहुल्यांशी खेळत नाही.'

आणि मग मोठ्या डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या समितीला एक पत्र लिहिलं. सराव कक्ष बंद करावा. तिथे सर्जनांच्या बैठका व्हाव्यात. प्रशिक्षण दोन वर्षांतून एकदा, दिवसभर, वरच्या सभागृहात, तज्ज्ञांच्या भाषणांसह व्हावं. सोबत कार्यक्रमपत्रिकाही जोडली होती. स्वागत होतं, प्रास्ताविक होतं, पाच भाषणं होती, आभार होते. प्रत्यक्ष छाती दाबायला दहा मिनिटं होती, तीही ऐन जेवणाआधीची, म्हणजे कोण कुणाच्या छातीकडे बघणार?

सिस्टरांची नोकरी दोन वर्षं उरली होती. ती कुठेही गेली नसती. त्यांना वॉर्डात बसवून औषधांच्या याद्या करायला दिल्या असत्या. पण खोली गेली की महिन्याची दोन मिनिटं गेली, आणि ती गेली की पुन्हा एक्स-रेच्या रांगेत सहा प्रमाणपत्रं एकमेकांकडे बघत उभी राहणार, हे त्यांना दिसत होतं. आणि प्रत्येक वेळी एखादी नवखी मुलगी कानात सांगायला असेलच असं नाही.

समिती गुरुवारी अकराला यायची होती. अध्यक्षबाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यामागे दोन सभासद, ज्यांचं मुख्य काम मान डोलावणं. समितीसमोर प्रात्यक्षिक द्यायचं होतं, आणि सकाळी साडेनऊला टिकटिकी बंद पडली.

सिस्टरांनी घरी फोन केला. यजमान स्क्रू ड्रायव्हर घेऊन दहा वाजता हजर झाले, ते नेमका त्याच चौकडीचा दुसरा शर्ट घालून. सिस्टरांनी बघितलं आणि डोळे मिटले. बाकीचे शर्ट कुठे गेले, असं त्यांनी विचारलं. धुवायला टाकलेत, आणि याला काय झालंय, असं यजमानांनी विचारलं. वाद घालायला वेळ नव्हता. यजमानांनी डबी उघडली, आतला केसाएवढा दोरा काढला, स्प्रिंग कसली आणि टिकटिकी सुरू झाली. सिस्टरांना वर बाळंतिणींच्या वॉर्डातून पाहुण्यांना आणायचं होतं. आदल्या दिवशी ते तिथेच राहिले होते.

"अहो, आता घरी जा, नाहीतर आत खोलीत बसा. बाहेर बसू नका," असं बजावून त्या गेल्या.

यजमानांना खोलीतला रबराचा वास सोसत नसे. ते बाहेरच्या खुर्चीत बसले. टिकटिकी नीट चालते का बघावं म्हणून तिला मांडीवर ठेवलं. घड्याळवाल्याला टिकटिक म्हणजे अंगाई. त्यांनी डोक्यावरची टोपी नाकापर्यंत ओढली, दोन्ही हात पँटच्या खिशात घातले, आणि झोपले. यजमानांची झोप नात्यागोत्यात प्रसिद्ध होती. शेजारी भिंत पाडली गेली तेव्हा ते झोपले होते, आणि उठल्यावर ऊन कुठून येतंय म्हणून विचारत होते. त्यात आणखी एक भानगड. घरी सिस्टर नवा धडा बसवताना त्यांचाच वापर करायच्या. हाक मारायची, खांदा हलवायचा, सतरंजीवर आडवं करायचं, हनुवटी वर करायची. छाती अर्थातच कधी दाबली नव्हती. पण झोपेत कोणी आडवं केलं तर आडवं व्हायचं, एवढी सवय त्यांना एव्हाना लागली होती.

अकराला पाच कमी असताना मोठे डॉक्टर अध्यक्षबाईंना आणि दोन मानांना घेऊन लिफ्टमधून उतरले. समोर खुर्चीत चॉकलेटी शर्ट, पिवळी चौकडी, नाकापर्यंत टोपी, आणि मांडीतून टिक, टिक, टिक. मोठे डॉक्टर मनात हसले. सिस्टरांनी त्यांच्यासाठी सापळा लावला होता तर! समितीसमोर तोंडघशी पाडायचं, सबबी वाचून दाखवायच्या. एकोणीस महिने ते या बाहुल्याला चुकवत आले होते. आज त्यांनी ठरवलं, सापळ्यात आपणच उडी मारायची आणि सापळाच मोडायचा.

"बघा, याच्यासाठी दर महिन्याला माणसं कामावरून उठवतात," ते अध्यक्षबाईंना म्हणाले. "यात विसरण्यासारखं आहे काय? मी दाखवतो."

त्यांनी बाही सारली, चौकडीला काखेतून धरलं आणि जमिनीवर घेतलं. अंमळ जड आहे, नवीन मॉडेल असावं, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेल्याचं त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. चौकडी सवयीप्रमाणे आडवी झाली. मोठ्या डॉक्टरांनी हात जुळवले आणि दाबायला सुरुवात केली.

नेमक्या त्याच वेळी सिस्टर दुसऱ्या टोकाच्या उतारावरून पाहुण्यांची व्हीलचेअर ढकलत खाली येत होत्या, आणि शेजारी मावशी बादली घेऊन चालत होत्या. सिस्टरांनी लांबून बघितलं, की मोठे डॉक्टर गुडघ्यांवर बसून छाती दाबत आहेत. क्षणभर त्यांचं ऊर भरून आलं. एकोणीस महिन्यांनी का होईना, पाहुण्यांना हात लागला. मग त्यांनी हातातल्या व्हीलचेअरकडे बघितलं. पाहुणे तिथेच होते, तो पडेल विनोद अजून ऐकत. त्यांनी पुन्हा समोर बघितलं. चौकडी तिथेही होती.

राजीनामा दिलेल्या गुडघ्याने त्या क्षणी राजीनामा मागे घेतला. सिस्टर धावल्या. पण त्या पोचायच्या आत जमिनीवरून आवाज आला. टोपी बाजूला झाली होती. यजमानांचे डोळे अर्धे उघडे होते, आणि कारागिराने बिघडलेल्या मालाकडे बघावं तसे ते डॉक्टरांच्या हातांकडे बघत होते.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुम्ही फार पुढे पळताय. मिनिटाला एकशे चाळीस तरी. टिकटिकी ऐका जरा."

मोठे डॉक्टर असे मागे पडले, की आता त्यांचीच छाती दाबावी लागते की काय, असं मावशींना वाटलं. एका मानेने डोलायचं सोडून दिलं. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि एक चौकडी जमिनीवर व एक व्हीलचेअरमध्ये, असा हिशेब शांतपणे मनात जुळवला.

मोठ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा जे केलं, ते त्यांच्या नावावर जमाच करायला हवं. ते स्वतः घाबरले होते तरी त्यांनी यजमानांचा शर्ट उघडून एकेक फासळी चाचपली, खोल श्वास घ्यायला लावला, दुखतं का म्हणून तीनदा विचारलं आणि दोनदा माफी मागितली. फासळ्या शाबूत होत्या. यजमानांची तक्रार एकच होती, की वरच्या खिशात गिऱ्हाइकाचं एक मनगटी घड्याळ होतं आणि ते जरा बघावं लागेल. मग उठून उभं राहिल्यावर मोठ्या डॉक्टरांना धीर आला, आणि धीराबरोबर रागही. हा पोरखेळ आहे, ते म्हणाले. बाहुल्याला माणसाचे कपडे घालायचे आणि माणसांना बाहुल्याचे, म्हणजे दुसरं काय होणार? आज हे झालं, उद्या काहीही होईल. कक्ष बंद व्हायला हवा याला याहून मोठा पुरावा कोणता?

सिस्टरांच्या पायाखालची जमीन सरकली. कारण कपड्यांची कल्पना त्यांचीच होती, शर्ट त्यांच्याच घरचा होता, आणि नवरासुद्धा.

अध्यक्षबाईंनी आयुष्यभर शाळेत 'याने मला आधी मारलं' ऐकलं होतं. त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्या मावशींकडे वळल्या आणि असा माणूस दिसला तर आधी काय करायचं असतं, हे विचारलं. मावशींनी बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि घडाघडा सांगितलं: आधी हाक, मग खांदा, मग मदतीला ओरडायचं, दहाच्या आत श्वास बघायचा, आणि काहीच नसलं तर मग हात.

"आणि तुम्ही हाक का मारली नाहीत?" अध्यक्षबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"मला वाटलं बाहुला आहे."

"म्हणजे बाहुल्यावर हाक न मारता शिकायचं," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणि माणूस आला की ती आपोआप आठवायची?"

मोठ्या डॉक्टरांनी वर सारलेली बाही खाली ओढली. मग म्हणाले की, जाऊ द्या, झालं तर काही नाही ना त्यांना. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. सिस्टर इतका वेळ यजमानांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. त्या वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"सर, काही झालं नाही, कारण तुमचा दाब तीन सेंटिमीटरच जात होता. पाच तरी जायला हवा. आज ते झोपले होते म्हणून तुमची चूक त्यांच्या पथ्यावर पडली. खरोखरच गेले असते, तर तुमच्या हातून परत आले नसते." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्याही हातून एकदा असंच होणार होतं. म्हणून ही खोली आहे."

लिफ्ट आली, तिचं दार उघडलं, आत कोणी नव्हतं, दार मिटलं. सगळ्यात वरच्या सर्जनला असं तोंडावर कोणी कधी सांगितलं नव्हतं. सिस्टरांना वाटलं, दोन वर्षं राहिलेली नोकरी बहुतेक दोन मिनिटांवर आली.

मोठ्या डॉक्टरांनी आपल्या हातांकडे बघितलं. टाका घातला तर कातडीला कळत नाही, असे ते हात. मग ते व्हीलचेअरपाशी गेले, पाहुण्यांना काखेत घेऊन खाली ठेवलं आणि कोट काढून खुर्चीवर टाकला. गुडघ्यांवर बसले. इकडेतिकडे बघितलं. लाजले. मग सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात रबराच्या कानात ओरडले:

"अहो काका, ऐकू येतंय का?"

पुढची दोन मिनिटं त्यांना फार लांब गेली. कोपर वाकत होतं, ते मावशींनी बोट लावून सरळ केलं. यजमान टिकटिकी कानाशी धरून उभे राहिले आणि 'पुढे', 'आता मागे पडलात', 'हां, लागलं' असं सांगत राहिले. दीड मिनिटाला डॉक्टरांच्या कपाळावरून घाम पाहुण्यांच्या चौकडीवर टपकला. पडदा लाल, लाल, कधी चुकून हिरवा. शेवटी गुण आले, एक्केचाळीस.

अध्यक्षबाई खोलीत बसून वही वाचत होत्या. लाल रकान्यापाशी त्या फार वेळ रेंगाळल्या. पालकांच्या चिठ्ठ्या वाचण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना सबबींचं वाङ्मय चांगलं कळतं. डोळ्यांच्या डॉक्टरांची सबब त्यांनी दोनदा वाचली आणि हा इसम शाळेत कसा असेल ते आपण सांगू शकतो, असं म्हणाल्या. निर्णयाला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. कक्ष राहील. महिन्याची दोन मिनिटं राहतील. वर जो दिवसभराचा कार्यक्रम सुचवला आहे, त्यातली पाच भाषणं काढली तर उरलेली दहा मिनिटं इथेच होऊ शकतात. फक्त एक अट. इथून पुढे पाहुण्यांनी कोणाच्याही नवऱ्याचे कपडे घालायचे नाहीत. सिस्टरांनी घासाघीस केली, तेव्हा गळ्यात लाल मफलर बांधून फिरवायची परवानगी मिळाली.

त्या दिवशीच्या नोंदीत सिस्टरांनी मोठ्या डॉक्टरांच्या नावापुढे एक्केचाळीस लिहिलं. लाल रकाना रिकामा सोडला. मग विचार करून तिथे निळ्या शाईने लिहिलं, 'हाक उत्तम.'

पुढे मोठे डॉक्टर महिन्यातून दोनदा येऊ लागले. एकदा सर्वांसमोर आणि एकदा दुपारी, कॉरिडॉर रिकामा असताना, मावशींकडून शिकायला. चार महिन्यांत ते अठ्ठ्याऐंशीवर पोचले. त्या महिन्यात मावशींना शहाण्णव होते, आणि डॉक्टर यादी बघून जिन्याने गेले. दुसरा परिणाम असा, की हॉस्पिटलात कोणालाही बाकावर डुलकी घेणं अशक्य झालं. पेशंटचा दमलेला भाचा, रिक्षा लावून आत टेकलेला रिक्षावाला, औषधं पोचवायला आलेला माणूस, जो डोळे मिटेल त्याच्या कानात मोठे डॉक्टर जाता जाता ओरडायचे आणि खांदा हलवायचे. दोन तक्रारी लेखी आल्या. सिस्टरांनी त्या वहीत चिकटवून ठेवल्या आहेत.

चौकडीचा दुसरा शर्ट घरी परत आला. सिस्टरांनी तो धुऊन कपाटात अगदी तळाशी ठेवला, आणि यजमानांनी तो दुसऱ्याच दिवशी शोधून काढला. आता ते दोन्ही आलटून पालटून घालतात.

त्या गुरुवारी संध्याकाळी सिस्टर घरी आल्या, तेव्हा यजमान खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते. समोर गिऱ्हाइकाचं मनगटी घड्याळ उघडं पडलेलं, चष्मा कपाळावर, मान एका बाजूला. रोज सिस्टर पिशवी ठेवून सरळ आत जायच्या. आज त्या खुर्चीपाशी थांबल्या. चौकडी वरखाली होते आहे का, हे उभ्याने नीट कळत नव्हतं. सकाळची फासळी नंतर काही करू शकते का, असं त्यांच्या मनात आलं. त्या वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या.

उत्तर आलं नाही. त्यांनी खांद्याला हात लावला आणि हलवलं.

"अहो, ऐकू येतंय का?"

यजमानांनी डोळे उघडले नाहीत.

"श्वास चालू आहे," ते म्हणाले. "दहापर्यंत मोजत बसू नकोस, चहा टाक."